टी-पेशींमागची माणसं

रोज सकाळी सिस्टर खाटेजवळ येतात आणि पेशंटला साधे प्रश्न विचारतात. हे साल कोणतं? महिना कोणता? आपण कुठल्या शहरात आहोत, हॉस्पिटलचं नाव काय? मग पेन, घड्याळ, उशी अशा तीन वस्तू दाखवून त्यांची नावं विचारतात. शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटं मोजायला सांगतात. शेवटी कागद पुढे करतात आणि म्हणतात, एक वाक्य लिहा. कोणतंही चालेल, आपल्या भाषेत चालेल. कालचं वाक्य आणि आजचं वाक्य शेजारी ठेवलं जातं. अक्षर एकाएकी थरथरलं, ओळ खाली घसरली किंवा वाक्य मध्येच तुटलं, तर मेंदूला त्रास सुरू झाल्याची ती पहिली खूण असू शकते. मग डॉक्टरांना घाई करावी लागते.

दहा गुणांची ही तपासणी कार-टी उपचार घेतलेल्या पेशंटसाठी आहे आणि जगभर ती याच पद्धतीनं होते. पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकांत एक नवा तुकडा बसवायचा, त्या वाढवायच्या आणि कॅन्सरशी लढायला परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. २०२१ पासून या पेशी मुंबईत तयार होतात आणि मुंबईत दिल्या जातात. वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचलं ते ‘पहिला स्वदेशी’ आणि ‘एक दशांश किमतीत’ एवढंच. त्या दोन मथळ्यांमागे सत्तर वर्षांच्या काळातली माणसं उभी आहेत. त्यांच्याविषयी, आणि या उपचाराच्या किमतीविषयी, थोडं सविस्तर लिहायचं आहे.

आधी या पेशींविषयी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा हा एक प्रकार. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या लहानशा ग्रंथीत जाऊन तयार होतात. १९६१ पर्यंत या ग्रंथीला काही काम आहे असं वैद्यकशास्त्र मानत नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये जाक मिलर या तरुण संशोधकानं दाखवून दिलं, की नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली तर ती पिल्लं साध्या संसर्गांनी दगावतात. थायमसमध्ये टी-पेशींची फार कडक निवड होते. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील अशा पेशी तिथेच मारल्या जातात. ज्या उरतात त्या आयुष्यभर रक्तातून आणि लसिकाग्रंथींतून फिरत प्रत्येक पेशीचा पृष्ठभाग चाचपत राहतात. विषाणूनं पछाडलेली पेशी सापडली की तिला मारतात.

कॅन्सरची पेशी मात्र परकी नसते. ती आपलीच, बिघडलेली पेशी असते. तिच्यावरच्या खुणा बऱ्याचशा घरच्याच असतात, आणि वर ती टी-पेशींना थोपवणारे संकेतही देत असते. म्हणून कॅन्सरच्या पेशंटच्या शरीरात टी-पेशी पुरेशा असूनही त्या हात चालवत नाहीत, असं अनेकदा दिसतं. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत बाजारात जी चूर्णं आणि सिरपं विकली जातात, त्यांच्यावर पैसे घालवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. इथे अडचण ताकदीची नाही, ओळखीची आणि परवानगीची आहे. या विषयातलं सगळं संशोधन या दोन अडचणींभोवती फिरतं.

मुंबईत या संशोधनाची जमीन परळला तयार झाली. टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या डॉ. कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढवणं पहिल्यांदा ज्यांना जमलं ते हेच गाय. परत आल्यावर रणदिवेबाईंनी परळच्या केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. देशातली ती पहिली.

ही गोष्ट आज ऐकायला लहान वाटते. पण काचेच्या भांड्यात जिवंत पेशी राखणं हे कसब पुस्तकातून येत नाही. माध्यमात कोणते क्षार आणि कोणता सीरम किती घालायचा, ते कधी बदलायचं, बुरशी लागली हे डोळ्यांनी कसं ओळखायचं आणि अशा वेळी महिन्याचं काम डोळ्यांदेखत फेकून द्यायचं धैर्य कुठून आणायचं, हे सगळं एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे हातोहात जातं. कार-टी उपचार म्हणजे शेवटी याच कसबाची पुढची पायरी आहे.

याच संस्थेत डॉ. सुधा गांगल यांनी इम्युनॉलॉजी विभागाचं नेतृत्व केलं. पेशीसंवर्धनावर आणि इम्युनॉलॉजीवर त्यांनी लिहिलेली पाठ्यपुस्तकं विद्यार्थी वापरत आले आहेत. स्वतःच्या संशोधनाइतकीच मेहनत पाठ्यपुस्तकावर घेणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे थोडे. पुरस्कारांच्या यादीत हे काम मोजलंही जात नाही. माझ्या मते ते मोजलं जायला हवं.

पुढे संस्था खारघरच्या साठ एकरांच्या आवारात गेली आणि ॲक्ट्रेक या नावानं ओळखली जाऊ लागली. तिथे डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी टी-पेशींच्या एका अल्पसंख्य जातीवर वर्षानुवर्षं काम केलं. गॅमा-डेल्टा टी-पेशी असं तिचं नाव. रक्तातल्या टी-पेशींमध्ये त्यांचं प्रमाण शेकड्यात फार थोडं, पण त्यांचं वैशिष्ट्य असं की नेहमीच्या टी-पेशींना शत्रूची खूण ज्या ठरावीक चौकटीत मांडून दाखवावी लागते, तशी यांना लागत नाही. १९९९ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर असलेलं एचएसपी-६० नावाचं प्रथिन या पेशी ओळखतात. नंतरच्या कामात त्यांनी हाडांच्या आजारावर दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांचा उपयोग करून पाहिला. या औषधांच्या परिणामानं कॅन्सरची पेशी गॅमा-डेल्टा पेशींच्या नजरेत भरते आणि मारली जाते.

तोंडाचा कॅन्सर हा विषय त्यांनी निवडला यात मला फार अर्थ दिसतो. तंबाखू, मावा, गुटखा, मशेरी यांनी पोखरलेल्या आपल्या समाजाचा हा आजार. श्रीमंत देशांतल्या मोठ्या औषध कंपन्यांच्या यादीत तो वर नसतो. त्यावर काम करायचं तर पेशंटही इथलेच, ट्यूमरचे तुकडेही इथल्याच शस्त्रक्रियागृहातून आलेले. या प्रयोगशाळेतून तयार होऊन उद्या बाजारात येईल असं कुठलं औषध लगेच निघालं नाही. पण माणसं तयार झाली आणि प्रश्न मांडायची पद्धत तयार झाली.

आता जरा परदेशात जाऊ, कारण मूळ कल्पना तिथली. टी-पेशीला कृत्रिम ओळख बसवायची ही कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये झेलिग एश्हार आणि गिडिऑन ग्रॉस यांनी १९८९ मध्ये अशी पेशी बनवून दाखवली. प्रतिपिंडाचा शत्रू ओळखणारा भाग आणि टी-पेशीचा चेतवणारा भाग त्यांनी एकाच प्रथिनात जोडला. कल्पना सुरेख होती, पण पेशंटपर्यंत पोचायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. फिलाडेल्फियात कार्ल जून आणि ब्रूस लेव्हीन यांनी ती पोचवली. जून यांच्या पत्नी २००१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या.

२०१२ मध्ये तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या. रक्ताचा कॅन्सर दोनदा उलटला होता, केमो संपली होती. पेशी दिल्यावर काही दिवसांत ती भयंकर तापली आणि अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत इंटरल्युकिन-६ नावाचं दाहकारक रसायन प्रचंड वाढलेलं आढळलं. या रसायनाला अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं औषध जून यांना माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात होता. ते दिल्यावर काही तासांत एमिली सावरू लागली. पुढे ती कॅन्सरमुक्त झाली, मोठी झाली. तिच्यावरचा प्रयोग फसला असता तर हे सगळं क्षेत्रच तिथे थांबलं असतं, असं जून यांनी अनेकदा सांगितलं आहे.

टोसिलिझुमॅब हे नाव महाराष्ट्रानं २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये फार वाईट परिस्थितीत ऐकलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविरबरोबर याच इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्रभर मेडिकल स्टोअर पालथी घालत होते. आणि त्याच दिवसांत, पवईच्या आयआयटीत, भारतातल्या पहिल्या कार-टी पेशंटसाठी पेशी तयार करण्याचं काम शेवटच्या टप्प्यात होतं.

पवईतली ही प्रयोगशाळा डॉ. राहुल पुरवार यांची. जर्मनीत हॅनोव्हरला पीएच.डी. आणि बोस्टनला हार्वर्डमध्ये पुढचं संशोधन केल्यावर ते २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या जैवशास्त्र व जैवअभियांत्रिकी विभागात आले. बोस्टनला असताना इंटरल्युकिन-९ तयार करणाऱ्या टी-पेशी त्वचेच्या कॅन्सरशी कशा लढतात यावरचा त्यांचा निबंध २०१२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला होता. त्या नावावर परदेशात नोकरी मिळणं अवघड नव्हतं. इकडे मात्र जनुक बदललेल्या पेशी माणसाला देण्याचा अनुभव देशात कोणालाच नव्हता. ना तशी प्रयोगशाळा, ना नियमांची रुळलेली वाट.

या कामाला पहिल्यांदा स्वतःला जुंपून घेणाऱ्या विद्यार्थ्यांत अलका द्विवेदी आणि अथर्व करुळकर ही नावं येतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कार-टीमध्ये कॅन्सर ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला असतो. माणसाचं शरीर त्याला परका समजून या पेशींनाच नाकारू शकतं. पवईच्या गटानं त्या भागातले बरेचसे अंश बदलून तो माणसाच्या प्रथिनाच्या जवळ आणला. ऐकायला सोपं, करायला अतिशय चिकट काम. एक अंश बदलला की पकड सैल होते, दुसरा बदलला की प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. प्रत्येक रचना विषाणूत भरायची, टी-पेशींत सोडायची, फ्लो सायटोमीटर या यंत्रावर मोजायची, मग कॅन्सरच्या पेशींशी भिडवून पाहायची. २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार अंतिम रचनेच्या पेशी कॅन्सर नीट मारत होत्या आणि दाहकारक रसायनं कमी सोडत होत्या. एमिलीला मरणाच्या दारात नेणारा तो ताप आठवला की या दुसऱ्या निष्कर्षाचं मोल कळतं.

पेशींत जनुक पोचवणारा विषाणू हा या उपचारातला सगळ्यात महाग घटक. एचआयव्हीच्या जातीचा, पण घातक भाग काढून टाकलेला. तो परदेशातून विकत घ्यायचा तर किंमत खाली येणं शक्यच नव्हतं. गटानं तो इथेच बनवला. पुरवार, शिरीष आर्य, द्विवेदी आणि करुळकर यांनी २०१८ मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी आयआयटीच्याच छत्राखाली काढली. पहिल्या मानवी चाचणीसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या नॅशनल बायोफार्मा मिशननं १९.१५ कोटी रुपये मंजूर केले.

प्रयोगशाळा आणि कंपनी असून भागत नाही, पेशंटची जबाबदारी घेणारे डॉक्टर लागतात. टाटातले लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे तज्ज्ञ डॉ. गौरव नरुला आणि प्रौढांच्या रक्ताच्या कॅन्सरचे डॉ. हसमुख जैन हे या कामाचे दुसरे खांब. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या डॉ. निराली शाह यांचंही मार्गदर्शन या गटाला मिळालं. ४ जून २०२१ रोजी ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात देशातला पहिला कार-टी उपचार झाला.

त्यामागची कामाची साखळी समजून घेण्यासारखी आहे. पेशंटचं रक्त एका यंत्रातून फिरवतात, पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या नळीनं परत देतात. यात काही तास जातात. त्या पेशी प्रयोगशाळेत येतात, टी-पेशी वेगळ्या होतात, विषाणू दिला जातो, आणि मग साधारण आठ-दहा दिवस त्या ३७ अंशांवर वाढत राहतात. त्या दिवसांत सुट्टी, गणपती, मुंबईचा पाऊस काही असलं तरी कोणीतरी जाऊन त्या पाहाव्याच लागतात. जंतू शिरलेला नाही, पुरेशा पेशींत जनुक बसलं आहे, पेशी जिवंत आहेत, या सगळ्या चाचण्या पार पडल्यावरच पिशवी गोठवून हॉस्पिटलकडे जाते. तिकडे पेशंटला आधी सौम्य केमो देऊन जुन्या पांढऱ्या पेशी कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना वाढायला जागा होते. बदललेल्या पेशी शिरेतून देण्याचं प्रत्यक्ष काम फार लवकर आटोपतं. खरी परीक्षा पुढच्या दोन-तीन आठवड्यांची असते, आणि ती सिस्टरांच्या हातात असते: ताप, रक्तदाब, प्राणवायू, आणि रोजचं ते एक वाक्य.

यातली एक गोष्ट विसरता कामा नये. पेशंटचा आजार या काळात थांबून राहत नाही. पेशी वाढवण्यात चूक झाली तर पुन्हा सुरुवात करायला वेळ असेलच असं नाही. पंचविशीतला संशोधक विद्यार्थी हातात पिपेट धरतो तेव्हा हे त्याला माहीत असतं. शोधनिबंधाच्या नावांत तो मधेच कुठेतरी असतो, तंत्रज्ञ तर तिथेही अनेकदा नसतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी नेक्सकार-१९ या नावानं उपचाराला मान्यता दिली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं. बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या दुसऱ्या एका प्रकारातून होणाऱ्या काही रक्ताच्या कॅन्सरसाठी आणि लिंफोमासाठी, आजार उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या, पंधरा वर्षांवरच्या पेशंटसाठी ही मान्यता आहे. मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त ६४ पेशंटवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांचा परिणाम मोजता आला त्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांमध्ये उपचार लागू पडला. बाकी सगळे उपाय संपलेल्या माणसांसाठी हा आकडा मोठा आहे. पण उरलेल्या २७ टक्क्यांना तो लागू पडला नाही, आणि लागू पडलेल्यांतही काहींचा आजार पुन्हा येतो. स्तन, फुप्फुस, आतडं, तोंड यांच्या घन गाठींवर तर कार-टी अजून चालत नाही. हे सगळं स्पष्ट न सांगता ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणणारे पेशंटची फसवणूक करतात.

आता पैशांचं बोलू. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत होती ४,७५,००० डॉलर, तेव्हाच्या दरानं तीन कोटी रुपयांच्या वर. नेक्सकार-१९ आलं ते साधारण चाळीस-बेचाळीस लाखांत. जगाच्या मानानं हे मोठं यश आहे आणि ते इथल्या माणसांनी कमावलेलं आहे. पण परळच्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसाम, विदर्भ, मराठवाडा इथून आलेली कुटुंबं टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळाली तर नशीब समजतात. त्यांच्यासाठी तीन कोटी आणि चाळीस लाख यांत फरक नाही. दोन्ही आकडे त्यांच्या आयुष्याबाहेरचे आहेत.

म्हणून टाटातल्याच दुसऱ्या एका गटाचं काम मला तितकंच मोलाचं वाटतं. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९२ मध्ये शोधला आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर मिळालं. निव्हॉलुमॅब हे औषध तो ब्रेक सोडवतं. पण ते इतकं महाग होतं, की भारतात ज्यांना गरज होती त्यांतल्या मूठभरांनाच परवडत होतं. डॉ. कुमार प्रभाश, डॉ. वनिता नरोन्हा आणि डॉ. विजय पाटील यांच्या गटानं एक सरळ प्रश्न विचारला: एवढा डोस खरंच लागतो का? परदेशात दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. यांनी तोंड-घशाच्या बरा न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना, स्वस्त गोळ्यांच्या केमोबरोबर, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. १५१ पेशंटच्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

डोस वाढवण्याच्या चाचणीला कंपनी पैसे देते. डोस कमी करण्याच्या चाचणीत कुठल्याच कंपनीला रस नसतो. हा प्रश्न सरकारी हॉस्पिटलातले, रोज पेशंटच्या नातेवाईकांचा चेहरा पाहणारे डॉक्टरच विचारू शकतात. कार-टीच्या बाबतीतही असंच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. पेशी बनवायला सार्वजनिक पैसा लागला, सार्वजनिक संस्था लागल्या, चाचणीत स्वतःचं शरीर देणारे पेशंट लागले. मग तो उपचार शासनाच्या आरोग्य योजनांमधून गरिबाला मिळेल अशी व्यवस्था करणं ही मेहेरबानी ठरत नाही, ते सरकारचं देणं आहे. ही मागणी मतदार म्हणून आपण करायची आहे. शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलं आहे.

आणि एक काम असं आहे ज्यासाठी सरकारची वाट पाहावी लागत नाही. त्याच ६४ पेशंटच्या चाचणीत दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या. अशा वेळी बाहेरून प्लेटलेट द्याव्या लागतात, कधी पुन्हा पुन्हा. टी-पेशी ज्या तऱ्हेच्या यंत्रानं काढतात तशाच यंत्रानं निरोगी दात्याच्या प्लेटलेट काढतात आणि बाकीचं रक्त त्याला परत देतात. काढल्यापासून त्या फक्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत. दिवाळीत कॉलेजं आणि ऑफिसं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, दाते गावी गेलेले असतात, आणि रक्तपेढ्यांमध्ये दरवर्षी याच दिवसांत टंचाई होते. तुमचं वय अठरा ते साठच्या दरम्यान असेल, वजन पन्नास किलोच्या वर असेल, तब्येत चांगली असेल आणि गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसेल, तर जवळच्या मोठ्या रक्तपेढीत फोन करा आणि प्लेटलेट दाता म्हणून नाव नोंदवा. तास-दीड तास लागतो. भाऊबीज झाली की दुसऱ्याच दिवशी जा.